आगमाविना भोग

ग्रंथालयाने छापील ग्रंथ विकत घेतला की प्रकाशकाचा त्या प्रतीशी असलेला संबंध संपतो आणि तिचे पुढे काय करायचे हे ग्रंथालय ठरवते. ती प्रत वाचकाला घरी देता येते, दुसऱ्या गावच्या ग्रंथालयाला उसनी पाठवता येते, झिजली तर नव्याने बांधून घेता येते आणि जिला आज कोणी हात लावत नाही ती पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकासाठी जपून ठेवता येते. इलेक्ट्रॉनिक नियतकालिके, ई-पुस्तके आणि माहितीसंच यांच्या बाबतीत बहुतेक वेळा अशी खरेदी होतच नाही. तेथे परवाना करार होतो, म्हणजे प्रकाशक स्वतःच्या संगणकव्यवस्थेत ठेवलेला मजकूर ठरलेल्या मुदतीपुरता, ठरलेल्या लोकांना आणि ठरलेल्या अटींवर पाहू देण्याचे कबूल करतो आणि ग्रंथालय त्याबद्दल वर्गणी भरते. या कराराची वाटाघाट हा दराच्या घासाघिशीचा, म्हणून लेखा विभागाचा विषय आहे असे अनेक संस्थांत मानले जाते. प्रत्यक्षात ग्रंथपाल आणि प्रकाशकाचा प्रतिनिधी समोरासमोर बसतात तेव्हा, त्यांना जाणीव असो वा नसो, स्वत्व म्हणजे काय आणि ज्ञानाचा अधिकारी कोण, या दोन जुन्या प्रश्नांचा निर्णय होत असतो, आणि तो त्या दालनात हजर नसलेल्या माणसांच्या वतीने होत असतो.

स्वत्व, म्हणजे एखादी वस्तू एखाद्याची ‘स्व’ असणे, या विषयावर भारतीय शास्त्रकारांनी जितका सूक्ष्म विचार केला आहे तितका क्वचितच कोठे झाला असेल. एका प्रचलित व्याख्येप्रमाणे वस्तूचा इच्छेनुसार विनियोग करता येण्याची योग्यता म्हणजे स्वत्व. नवद्वीपचे नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी यांना ही व्याख्या पुरेशी वाटली नाही. दुसऱ्याचे अन्नही माणसाला खाता येतेच, ते खाऊ नये असे शास्त्र सांगते, आणि ‘दुसऱ्याचे’ म्हणजे काय हे कळण्यासाठी स्वत्व आधीच गृहीत धरावे लागते. म्हणून विनियोगाच्या योग्यतेतून स्वत्व सिद्ध करता येत नाही, ते स्वतंत्र पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचा एक वेगळा प्रकार मानले पाहिजे, असा त्यांचा आशय होता. धर्मशास्त्राच्या व्यवहारकांडात हाच भेद अधिक व्यावहारिक रूपात येतो. तेथे भोग म्हणजे वस्तूचा प्रत्यक्ष उपभोग आणि आगम म्हणजे तो उपभोग ज्यामुळे न्याय्य ठरतो ते मूळ, उदाहरणार्थ खरेदी, दान किंवा वारसा. आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेला भोग सोडला तर भोगापेक्षा आगम बलवत्तर, असे याज्ञवल्क्य स्मृती मानते. हा भेद मनात ठेवून आजच्या विद्यापीठ ग्रंथालयाकडे पाहिले तर त्याची स्थिती स्पष्ट होते. पडद्यावर हजारो नियतकालिके उघडतात, संशोधक ती रोज वाचतात, म्हणजे भोग भरपूर आहे. पण वर्गणी थांबली की ज्या अंकांचे पैसे पूर्वी भरले होते तेही बंद होऊ शकतात, कारण आगम म्हणून दाखवता येईल असे ग्रंथालयाच्या हाती काहीच नसते.

स्वत्व कशातून उत्पन्न होते यावरही मोठा वाद झाला होता आणि त्यातील एक बाजू प्रस्तुत प्रश्नाला थेट भिडते. स्वत्व केवळ शास्त्रावरून कळते, असे एका पक्षाचे म्हणणे होते. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणीत मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी ते नाकारले आणि स्वत्व लौकिक आहे, म्हणजे लोकव्यवहारातून सिद्ध होते, असे प्रतिपादन केले. शास्त्राचा गंधही नसलेल्या सीमाप्रदेशांतील लोकांतसुद्धा क्रयविक्रय होतो, हा त्यांच्या युक्तिवादातील एक मुद्दा होता. या मताचा एक परिणाम ग्रंथालयांनी गंभीरपणे घ्यावा असा आहे. स्वत्व जर व्यवहारातून घडत असेल तर ते व्यवहारातून झिजतही असले पाहिजे. एका ग्रंथालयाने एखादी जाचक अट निरुपाय म्हणून मान्य केली, दुसऱ्याने पहिल्याकडे पाहून मान्य केली, तिसऱ्याला ती छापील नमुन्यातच मिळाली, की काही वर्षांत ती अट त्या क्षेत्राची रीत होते आणि मग तिच्याविरुद्ध बोलणाराच रीत मोडणारा ठरतो. म्हणून एखाद्या लहान महाविद्यालयाने केलेली सहीसुद्धा त्या महाविद्यालयापुरती राहत नाही.

विकलेल्या प्रतीवर सत्ता कोणाची, हा प्रश्न आधुनिक कायद्याने छापील प्रतीच्या बाबतीत फार पूर्वी सोडवला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये बॉब्स-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस या खटल्यात ठरवले की पुस्तकावर किमान किंमत छापून प्रकाशकाला पुढच्या विक्रीवर नियंत्रण ठेवता येणार नाही, कारण पहिल्या विक्रीबरोबर त्या प्रतीवरील त्याची सत्ता संपते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातही प्रती लोकांना उपलब्ध करून देण्याच्या हक्कातून आधीच चलनात आलेल्या प्रती वगळलेल्या आहेत. ही मर्यादा विक्रीला लागू होते. जेथे विक्री न होता परवानाच दिला जातो तेथे ती मर्यादा उरत नाही आणि प्रकाशकाची सत्ता प्रत्येक वाचनापर्यंत लांबते. २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या काही ई-प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या आणि पैसे परत केले. ज्या विक्रेत्याने त्या प्रती उपलब्ध करून दिल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते हे कारण खरे होते, पण विकत घेतलेले छापील पुस्तक कोणी घरात शिरून कपाटातून नेत नाही हेही तितकेच खरे होते. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने ग्रंथालयांना दिलेले ई-पुस्तक २६ वेळा वाचकांना दिल्यावर संपेल आणि पुन्हा परवाना घ्यावा लागेल, अशी अट घातली. छापील प्रत वापराने झिजते हे निसर्गाचे बंधन आहे. जी वस्तू वापराने मुळीच झिजत नाही तिला कराराने झिजायला लावणे हे माणसाने निर्माण केलेले दुर्भिक्ष आहे, आणि त्याचे समर्थन करायचे असेल तर ते करण्याचे ओझे प्रकाशकावर असले पाहिजे.

मीमांसकांच्या व्याख्येप्रमाणे दान म्हणजे आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे. जैन परंपरेत आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदान मानले गेले, पोथ्या लिहवून भांडारांना देण्यात पुण्य मानले गेले, आणि अशा भांडारांमुळे अनेक ग्रंथ, जैनेतर ग्रंथही, टिकले. प्रकाशकाने दान करावे अशी अपेक्षा येथे नाही. संपादन, संशोधन-लेखांच्या तज्ज्ञ-परीक्षणाची व्यवस्था, मजकुराची मांडणी, शोधसुविधा, संगणकव्यवस्थेची देखभाल या सगळ्याला श्रम आणि पैसा लागतो, आणि लहान विद्वत्संस्थांची नियतकालिके तर वर्गणीवरच जगतात. त्यांना योग्य मोबदला नाकारणे हाही अन्यायच होईल. तथापि श्रमातून मालकी उत्पन्न होते हा जॉन लॉक यांचा सिद्धान्त प्रकाशकाच्या बाजूने मांडला जातो तेव्हा दोन गोष्टी विसरल्या जातात. नियतकालिकातील लेख लिहिणारा संशोधक आणि तो तपासणारा परीक्षक यांना प्रकाशक सहसा काहीच देत नाही, त्यांचा पगार विद्यापीठ देते. आणि लॉक यांनी स्वतः अशी मर्यादा घातली होती की इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहत असेल तरच श्रमाने सामायिक गोष्ट आपली करता येते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविषयीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कॉपीराइट हा नैसर्गिक किंवा ईश्वरदत्त हक्क नसून ज्ञानाच्या वाढीसाठी कायद्याने दिलेला हक्क आहे, असे मत मांडले. ते विज्ञानेश्वरांच्या लौकिक स्वत्वाच्या विचारापासून फार दूर नाही.

मग ग्रंथालयाने करार करताना नेमके कोणत्या नात्याने बसावे? ग्राहकाच्या नात्याने, असे उत्तर सहज सुचते आणि ते अपुरे आहे. ग्राहक स्वतःसाठी घेतो, म्हणून स्वतःचा तोटाही त्याला पत्करता येतो. ग्रंथालय दुसऱ्यांसाठी घेते आणि त्या दुसऱ्यांत अजून जन्मास न आलेला वाचकही असतो. भारतीय न्यायपरंपरेत या स्थितीशी जुळणारे एक तत्त्व आहे. अज्ञान वारसाची मिळकत सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला ती गहाण टाकता येते का, या प्रश्नावर प्रिव्ही कौन्सिलने १८५६ मध्ये हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की त्याचा अधिकार मर्यादित आहे. मिळकतीची खरी गरज किंवा मिळकतीचे हित असेल तरच तो वापरता येतो. १८७५ मध्ये प्रसन्नकुमारी देव्या यांच्या खटल्यात तेच तत्त्व देवस्थानाची मिळकत सांभाळणाऱ्या शेबाइतालाही, म्हणजे देवाच्या वतीने वहिवाट पाहणाऱ्यालाही लागू झाले. अज्ञान मूल आणि देवमूर्ती यांच्यातील साम्य हे की दोघांनाही स्वतःचे म्हणणे वाटाघाटीत मांडता येत नाही. २०७० साली एखाद्या विषयाचा इतिहास शोधणाऱ्या वाचकाची स्थिती तीच आहे. त्याच्या वतीने वहिवाट पाहणाऱ्याला दरात थोडी सूट मिळावी म्हणून जुन्या अंकांचा कायमचा प्रवेश सोडून देण्याचा नैतिक अधिकार पोहोचत नाही, कारण जे सोडले जात आहे ते त्याचे नाही. १८५६ च्या निर्णयातील आणखी एक भाग येथे फार महत्त्वाचा आहे: व्यवस्थापक खरोखर मिळकतीच्या हितासाठी कर्ज घेत आहे का, याची चौकशी करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावरही टाकली गेली होती. याच न्यायाने समोरची संस्था विश्वस्त आहे हे माहीत असताना तिच्या अगतिकतेचा फायदा घेणारा प्रकाशक, तिने सही केली एवढ्यावर निर्दोष ठरत नाही.

अगतिकता हा शब्द येथे अतिशयोक्तीने वापरलेला नाही. बळाने किंवा कपटाने घडलेले व्यवहार राजाने रद्द करावेत, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. आजच्या करारात दंडुक्याचे बळ नसते, पण एका शोधनिबंधाची जागा दुसरा शोधनिबंध घेऊ शकत नाही या वस्तुस्थितीचे बळ असते. धान्याचा एक व्यापारी महाग असेल तर दुसऱ्याकडे जाता येते. विशिष्ट रोगावरील विशिष्ट लेख एकाच प्रकाशकाकडे असतो. १९९० च्या दशकात अकॅडेमिक प्रेसपासून ‘बिग डील’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत सुरू झाली, म्हणजे प्रकाशकाची जवळजवळ सर्व नियतकालिके एका गठ्ठ्यात, बहुवर्षीय कराराने आणि दरवर्षी ठरलेल्या वाढीसह घ्यायची. पहिल्या वर्षी ती स्वस्त वाटली. पुढे गठ्ठ्यातून काही काढता येईना आणि अंदाजपत्रकाचा मोठा भाग त्यातच अडकल्याने लहान प्रकाशकांची पुस्तके घेणे अनेक ठिकाणी कमी झाले. २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या सल्लागार मंडळाने नियतकालिकांचा हा खर्च पुढे पेलणार नाही असे जाहीरपणे सांगितले. जगातील अत्यंत श्रीमंत विद्यापीठाची ही स्थिती, तर इतरांच्या संमतीला कितपत स्वेच्छा म्हणावे हा प्रश्न उरतोच.

या बळात गुप्ततेच्या अटीने भर पडते. कोणत्या दराने करार झाला हे इतरांना सांगायचे नाही, अशी ती अट असते आणि तिच्यामुळे प्रत्येक ग्रंथालय एकटे पडते. थिओडोर बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांचे करार तेथील माहितीच्या कायद्यांखाली मिळवले आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की सारख्या स्वरूपाच्या विद्यापीठांनीही त्याच गठ्ठ्यासाठी फार वेगवेगळ्या रकमा दिल्या होत्या. त्याआधीच, २०११ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने गुप्ततेची अट असलेल्या करारावर सही न करण्याचे धोरण जाहीर केले होते. भारतात माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ व्यापारी गुपितांना संरक्षण देतो, पण व्यापक लोकहित असेल तर ते संरक्षण बाजूला सारण्याची मुभाही देतो. विश्वस्ताने ज्यांच्यासाठी विश्वस्तपण पत्करले त्यांच्यापासूनच हिशेब लपवण्याचे वचन तिसऱ्याला द्यावे, ही गोष्ट कोणत्याही नीतिविचारात बसणारी नाही. सार्वजनिक पैशाच्या करारात गुप्ततेची अट मुळीच असू नये.

आता अधिकाराचा प्रश्न. वेदान्तातील प्रकरणग्रंथाच्या आरंभी त्या ग्रंथाचा विषय, प्रयोजन आणि संबंध यांच्याबरोबर अधिकारी, म्हणजे तो ग्रंथ शिकण्यास पात्र कोण, हेही सांगितलेले असते. परवाना कराराच्याही आरंभी ‘अधिकृत वापरकर्ता’ कोण याची व्याख्या येते: नोंदणी झालेले विद्यार्थी, पगारी शिक्षक, कर्मचारी, कधी माजी विद्यार्थी वगळलेले, कधी ग्रंथालयात समक्ष येऊन वाचणारा बाहेरचा वाचकही वगळलेला. पात्रतेची अशी यादी करण्याची भारतीय परंपरा निष्कलंक नाही आणि तिचा गौरव करताना हे विसरता येणार नाही. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणाच्या परंपरागत भाष्यांत शूद्रांना वेदविद्येचा अधिकार नाकारला गेला, स्त्रियांनाही तो सामान्यतः नाकारला गेला, आणि विद्या दिल्याने वाढते असे मानणाऱ्या समाजाने ती बहुसंख्यांना शतकानुशतके दिली नाही. या इतिहासाला सर्वांत रोखठोक उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनी दिले. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवले की सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. हा युक्तिवाद परवाना करारांना आज जसाच्या तसा लागू पडतो. संशोधनाला पैसा करदात्याचा, ते प्रसिद्ध झाल्यावर वाचण्यासाठी भरलेली वर्गणीही करदात्याची, आणि अधिकृत वापरकर्त्यांच्या व्याख्येत तो करदाता नसतो. जन्मावरून ठरणारी पात्रता आणि नोंदणीवरून ठरणारी पात्रता यांची नैतिक पातळी एक नाही. पहिलीने माणसाचा अपमान केला, दुसरी केवळ त्याला बाहेर ठेवते. परंतु बाहेर राहणारा बहुधा तोच असतो ज्याच्या आजोबांनाही कोणी आत घेतले नव्हते, आणि म्हणून समक्ष येणाऱ्या वाचकाला प्रवेश हे कलम ग्रंथालयाने किरकोळ समजून सोडू नये.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते आणि त्या सूत्रात वाचकाची नोंदणी कोठे आहे याचा उल्लेख नाही. रंगनाथन यांच्या काळी हे सूत्र पाळणे ग्रंथपालाच्या हाती होते, आता ते कराराच्या कलमांवर अवलंबून आहे. भारताचा कॉपीराइट अधिनियम कलम ५२ मध्ये खाजगी अभ्यास, संशोधन, अध्यापन यांसाठी काही सवलती देतो. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे डिजिटल नसलेल्या स्वरूपात असलेली कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याचीही मुभा मिळाली. मात्र या सवलती कराराने काढून घेता येणार नाहीत असे स्पष्ट कलम भारतीय कायद्यात नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने संशोधनासाठी संगणकाद्वारे मजकुराचे विश्लेषण, अध्यापन आणि जतन यांसंबंधीच्या सवलतींविरुद्ध जाणारी कराराची कलमे अंमलबजावणीस अपात्र ठरवली आहेत. तसे संरक्षण नसताना संसदेने वाचकाला दिलेले ग्रंथपालाच्या सहीने परत जाऊ शकते, आणि म्हणून कायद्यातील कोणतीही सवलत या कराराने कमी होत नाही, हे एक वाक्य प्रत्येक करारात असलेच पाहिजे. दरात जे गमावले ते पुढच्या वर्षी मागता येते. हे वाक्य राहून गेले तर ग्रंथालयाला मागण्यासाठी आधारच उरत नाही.

नकार देता येतो, हेही अनुभवाने सिद्ध झाले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशकाशी चाललेली बोलणी थांबवली, नव्या लेखांचा प्रवेश गमावला, आणि मार्च २०२१ मध्ये विद्यापीठातील संशोधकांचे लेख सर्वांना मोफत वाचता येतील अशा तरतुदीसह नवा करार केला. स्वीडनच्या ग्रंथालयसंघानेही २०१८ मध्ये त्याच प्रकाशकाशी करार न करता काही काळ काढला. या दोन्ही ठिकाणी नकार टिकला कारण प्राध्यापकांना आधी विश्वासात घेतले होते आणि पूर्वी पैसे भरलेल्या बऱ्याच जुन्या अंकांवरील हक्क सुटलेला नव्हता. आगमाचा थोडा अंश हाती होता म्हणून भोग थांबवण्याचे धैर्य झाले.

भारताने वेगळा मार्ग घेतला आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आणि केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक उच्च शिक्षण व संशोधन संस्था असा तिचा आवाका आहे, आणि समन्वयाचे काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. एकट्या महाविद्यालयाची अगतिकता संपूर्ण देशाने एकत्र बसून कमी करावी हा विचार न्यायाच्या दृष्टीने निःसंशय योग्य आहे, आणि गडचिरोलीच्या विद्यापीठातील विद्यार्थ्याला मुंबईतल्या विद्यार्थ्याइतकीच नियतकालिके उघडता यावीत ही गोष्ट फुले यांच्या मागणीच्या दिशेने पडलेले पाऊल आहे. पण खाजगी व्यवस्थापनाची महाविद्यालये योजनेच्या या पहिल्या टप्प्याबाहेर आहेत, आणि १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली महाराष्ट्रात गावोगावी उभी राहिलेली सार्वजनिक ग्रंथालयेही. योजनेची मुदत डिसेंबर २०२७ मध्ये पूर्ण होईल तेव्हा तीन वर्षांचे अंक कोणाच्या ताब्यात राहतील, पुढचा करार जुळला नाही तर ते देशात ठेवलेल्या प्रतीवरून वाचता येतील का, आणि तालुक्याच्या वाचनालयात येणारा वाचक अधिकृतांच्या यादीत असेल का, हे प्रश्न ग्रंथपालांनी, प्राध्यापकांनी आणि विधिमंडळांच्या सदस्यांनी मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी आणि उघडपणे विचारले पाहिजेत. कारण शेवटच्या महिन्यात, लाखो संशोधकांचे पडदे बंद पडण्याची वेळ आलेली असताना जी संमती दिली जाते तिच्यात पुन्हा तेच बळ काम करत असते.